पुलापलीकडचं गाव

तोयोने हरणाचं कातडं दोरीवर टाकलं, वेताची काठी उचलली आणि पाठीच्या बाजूने झोडपायला सुरुवात केली. दोन-चार फटक्यांतच कसर गळून पडली. बारीक, तपकिरी, केसाळ अळ्या. तिने त्या पायाने कोंबड्यांकडे लोटल्या, कातडं उलटं केलं आणि उजेडापुढे धरलं. मानेजवळ भाल्याचं भोक होतं, पण कडा स्वच्छ होत्या. मधल्या प्रतीचं. तिने काठी पुन्हा उचलली.

"हळू मारा ना, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. "मी केवढी दचकले."

आवाज पुरुषाचा होता, चांगला भरदार. भाषा जपानी होती. तोयोची काठी हवेतच राहिली. वळून बघितलं तर आदल्या दिवशी खालून आलेल्या होडीतून उतरलेला नवा वलंदेज, डच कंपनीचा माणूस, उभा. वाळक्या गवतासारखी दाढी, उन्हाने सोललेलं नाक, टोपी छातीशी धरलेली.

"मी लुबर्ट," तो म्हणाला. "कालच आले. थोरल्या साहेबांनी मला कातड्यांवर नेमली आहे. मी सगळं शिकून घेईन, तुम्ही फक्त रागावू नका हं."

पलीकडच्या दोरीवर चान होती. ती मोन जमातीची होती, पण जपानी वस्तीच्या शेजारात जन्म गेल्यामुळे तिला भाषा कळे. तिने आधी तोंड दाबून पाहिलं, मग तिला राहवलं नाही.

"अगं, मग ही दाढी कुणाची लावून आलीय?" ती सयामी भाषेत म्हणाली, आणि दोरीवरच्या सगळ्या बायका हसू लागल्या. लुबर्टही हसला. आपण काय गंमत केली हे त्याला समजलेलं नव्हतं.

तोयोही हसली, पण सगळ्यांच्या आधी थांबली. पुरुष असं बोलत नाहीत. वस्तीतलं शेंबडं पोरही असं बोलत नाही. ही भाषा माणूस एकाच शाळेत शिकतो. नागासाकीला वलंदेजांना ज्या बेटावर ठेवतात, तिथे गावातल्या लोकांपैकी रात्री राहायला बायकांखेरीज कुणाला परवानगी नाही, हे वखारीत सगळ्यांना ठाऊक होतं. ह्याने ती भाषा उशीवर उचललेली दिसत होती. आणि नुसती उचलली नव्हती, इतक्या समुद्रातून जपून आणली होती.

"या साहेब," ती म्हणाली. "आधी वास घ्यायला शिका."

वलंदेजांची वखार अयुथ्या शहराच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर होती. विटांचं दुमजली घर, मागे कोठारं, पुढे लाकडी धक्का. कथील, लाल रंग देणारं पतंगाचं लाकूड आणि कातडी, असा तिथला धंदा. पतंगाच्या लाकडाने धक्का कायम लालसर झालेला असे. पण खरा जीव कातड्यांत. वरच्या जंगलांतून हरणांची कातडी होड्या भरभरून येत, बायका ती झोडपत, निवडत, घडी घालत, आणि दक्षिणेचा वारा सुटला की जहाज ती सगळी घेऊन नागासाकीला जाई. तोयोचे वडील आधी ह्या वखारीसाठी कातडी खरेदी करत. ते गेल्यावर निवडीचं काम तोयोकडे आलं, कारण कुठल्या कातड्याचे तिकडे मोजे होतील, कुठल्याची पिशवी आणि कुठलं चिलखताखाली लावतील, हे तिला बोटांनी कळायचं.

ती स्वतः त्या गावी कधी गेली नव्हती. तिच्या हाताखालचं कातडं जात होतं, माणसाने जायचं नव्हतं. जो देश सोडून गेला तो परत आला तर त्याची मान मारावी, असा तिकडचा हुकूम होता. तिच्या आईने देश सोडला तेव्हा असला हुकूम नव्हता. वडिलांचा ख्रिस्तावर विश्वास, तिकडे त्या लोकांची धरपकड चाललेली, म्हणून थोडे दिवस बाहेर काढू असं म्हणून नवरा-बायको गलबतात बसली. ती इकडे उतरली आणि मागे दार लागलं.

तोयो इथेच जन्मली. तिचं सगळं बालपण आईच्या पाठीकडे बघण्यात गेलं होतं. त्यांचं घर खांबांवर होतं, पायऱ्या थेट नदीत उतरत. सगळ्यांत वरच्या पायरीवर आई बसे आणि खाली, जहाजं जिकडे जातात त्या वळणाकडे बघत राही. तोयो आंबा घेऊन आली की आई म्हणे, आमच्याकडे तेंदूसारखं एक फळ असतं, मधासारखं, ते खाल्लं की आंबा नको वाटतो. तोयोने फुलं आणली की तिकडची फुलं ह्याहून थोर. एखादीला सवतीचा यावा तसा तोयोला त्या गावाचा राग येई. सवत निदान दिसते तरी. हिला डोळ्यांनी बघायचीही सोय नाही, मग भांडायचं कुणाशी?

आता आई म्हातारी झाली होती. डोळ्यांत सायीसारखं काही धरलं होतं, आणि गेल्या वर्षापासून डोक्यातही. कधी ती तोयोला शेजारीण समजून, आल्या का, बसा, म्हणायची. वळणाकडे मात्र अजून तोंड करून बसे. दिसत काही नव्हतं तरी.

म्हणून, नवा वलंदेज नागासाकीहून आला आहे हे कळल्यावर तोयोने घरी जाऊन काही सांगितलं नाही.

लुबर्ट कामाला चांगला निघाला. इतर साहेब कोठाराच्या दारातूनच नाकाला रुमाल लावून विचारपूस करत, हा बाही वर करून ढिगात बसे. तिकडचे व्यापारी कातड्यांवर कसे ओणवे होतात, कसे नखाने खरवडून बघतात आणि एक चांगलं कातडं हातात आलं की तोंड कसं मुद्दाम वाकडं करतात, याची नक्कल तो करून दाखवी. बायका खूश असत. चान त्याला 'ताई' म्हणू लागली होती, आणि तो ओ देत होता.

एकदा, आजूबाजूला कुणी नसताना, तोयोने त्याला नीट समजावलं. साहेब, तुम्ही 'आले, गेले' म्हणता, तसं बाईमाणूस म्हणतं. पुरुषाने 'आलो, गेलो' म्हणायचं. लुबर्ट लाल झाला. म्हणजे इतके दिवस सगळ्या ह्यालाच हसत होत्या का, असं विचारून स्वतःही हसला. दुसऱ्या दिवशी सकाळभर तो 'आलो, गेलो' करत राहिला. दुपारी भाताची पानं सोडून सगळ्या सावलीत बसल्या तेव्हा तो तोयोजवळ आला.

"मला नाही जमत ते," तो म्हणाला. "तसं बोलले की दुसरंच कुणी बोलतंय असं वाटतं. हसू दे त्यांना."

मग त्याने सांगितलं. विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. बेटावर तो पुष्कळ वर्षं होता. तिथे एक बाई येई, त्याच्याकडेच येई. तिला मुलगी झाली. किसा नाव. बाप वलंदेज असला तरी मूल तिकडचं, त्याला देशाबाहेर नेता येत नाही, आणि बापाला तिथे कायम ठेवून घेत नाहीत. त्याची बदली झाली तेव्हा किसा भिंतीला धरून चालू लागली होती. आता धावत असेल.

तोयोने विचारलं, गावात त्यांचं घर कुठल्या बाजूला आहे.

"मला काय माहीत," लुबर्ट म्हणाला. "मी गाव बघितलंच नाही."

तोयोला वाटलं, भाषेचाच काही घोटाळा झाला. पण घोटाळा नव्हता. बेट म्हणजे पंख्याच्या आकाराचा एक तुकडा. गावात जायला एक दगडी पूल, पुलावर फाटक, फाटकाशी पहारा. वलंदेजांनी पूल ओलांडायचा नाही. सणाला तिथल्या मोठ्या साहेबांना एकदा-दोनदा नेलं असेल, तेही दोहोंकडून पहारेकरी घेऊन, मान वळवायची चोरी. एरवी गच्चीवर जाऊन बघायचं. छपरं दिसायची, मागे डोंगर, डोंगरावर देवळं. ती बाई संध्याकाळी पुलावरून यायची आणि सकाळी पुलावरून जायची. पलीकडे उतरली की डावीकडे वळायची. एवढंच त्याला ठाऊक होतं, डावीकडे.

तोयोने हातातला घास पानात ठेवला. जन्मभर ज्या गावाचा तिने दुस्वास केला, तिथे वर्षानुवर्षं राहून आलेला माणूसही तिच्यासारखाच कोरडा निघाला होता.

त्या वर्षी कातड्यांना उशीर झाला. राजाच्या कोठीवरचा अधिकारी दरवर्षीप्रमाणे आजारी पडला, त्याला बरं वाटेल असा नजराणा गेला, मग तो बरा झाला आणि अडवलेल्या होड्या सुटल्या. सगळी वखार कातड्यांत बुडाली. निवडून झालेले ढीग दाबायचे, वेताने आवळायचे, मेणकापडात बांधायचे. खाली नदीच्या मुखाशी जहाज वाट बघत उभं होतं, आणि मालाबरोबर वखारीतल्या एका माणसाने नागासाकीपर्यंत जायचं असा रिवाज होता. लुबर्टने कुणाला काही म्हटलं नाही, पण दाढी कातरून आला, आणि एका चिनी दुकानातून लहान मुलीला होईल असा लाल रेशमाचा तुकडा घेऊन आला. चानने विचारलं, ताई, हे कुणाला गं? तर तो नुसता लाजला.

थोरल्या साहेबांनी दुसऱ्याच माणसाचं नाव घेतलं.

लुबर्टने जाऊन विचारलं, मी तिथे राहिलेली, मला भाषा येते, मग मी का नको? कोठारातून तोयोला सगळं ऐकू आलं नाही, आणि ते वलंदेजी भाषेत होतं. पण नंतर त्यानेच सांगितलं. साहेब वाईट बोलले नाहीत. खुर्ची दिली, दारूचा पेला दिला. म्हणाले, तिकडच्या अधिकाऱ्यांचा निरोप आहे की, ज्यांना भाषा येऊ लागली आहे अशी माणसं परत पाठवू नका. भाषा येते म्हणूनच नको.

त्याने लाल रेशीम कुठे ठेवलं ते तोयोला कळलं नाही. तो गठ्ठे आवळायला बसला. वेताचं टोक ओढताना त्याच्या तळव्यावरची सालटी निघत होती, आणि ते काम त्याचं नव्हतंच.

तोयो जवळ जाऊन उभी राहिली.

"आज दिवस मावळायच्या आत घरी या," ती म्हणाली. "माझी आई तिथली आहे. गावातली."

आईला सांगितल्यावर तिने कपडे बदलून मागितले. केस बांधून घेतले. पाहुण्याला पायरीवर बसवायचं नाही, आत बसवायचं, असं दोन-दोनदा सांगितलं आणि स्वतः दाराशी चटईवर ताठ बसली. लुबर्ट होडीतून उतरला, बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मी तुम्हाला भेटायला आले आहे, आजी."

आईने मान तिरकी केली.

"तोयो, हा कोण?"

"सांगितलं ना, साहेब."

"आवाज रेड्याचा आणि बोलणं नवरीचं," आई म्हणाली. "बस बाबा, बस. कुणी शिकवलं तुला? चांगल्या घरची नसेल, पण जिभेची गोड आहे."

लुबर्ट हसला आणि बसला. त्याने खरंच हसून घेतलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तोयो चुलीशी मोहरीचा पाला चिरत बसली. तिथून दोघं दिसत होती.

आईने पहिल्यांदा विचारलं, बर्फ पडतो का अजून? लुबर्ट म्हणाला, पडतो, थोडा, डोंगरावर राहतो आणि खाली दुपारपर्यंत जातो. आईने मान डोलावली. घंटा? घंटा वाजते, डोंगरावरच्या देवळाची, सकाळ-संध्याकाळ. मासे विकणाऱ्या कुठून हाका घालतात? ते त्याला सांगता आलं नाही. मोठ्या पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी चौथरा होता, तो आहे का? तेही नाही. आई विचारत गेली. शेवटी त्याने खरं ते सांगितलं. बेट, पूल, फाटक. मी गावात कधी गेलेच नाही, आजी.

तोयोची सुरी थांबली. आईचा चेहरा पडेल असं तिला वाटलं. पण आईने आपली चटई त्याच्या दिशेने ओढली.

"अरेरे," ती म्हणाली. "पोरा, दारात बसून आलास की रे."

"तुम्ही सांगा ना," लुबर्ट म्हणाला. "पूल ओलांडून डावीकडे वळलं की काय आहे?"

आणि आई सांगू लागली. दगडी पायऱ्यांची गल्ली, पावसाळ्यात शेवाळ धरणारी. दोन्हीकडे लाकडी घरं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकल्यासारखी. टोपल्या विणणाऱ्याचं घर, त्याच्या दारात कायम वेताचा भुगा. हे सगळं तोयोने लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. तिने पाला चिरायला घेतला.

सकाळी, आई म्हणाली, भिक्षू येत. लहान लहान होड्या वल्हवत, एकटे. पायरीशी होडी लावायचे, आपण भात घालायचा, काही न बोलता पुढच्या पायरीकडे जायचे. त्यांच्या पिवळ्या वस्त्राचं पाण्यात पडलेलं प्रतिबिंब किती वेळ हलत राही.

तोयोने वर बघितलं. होडीतले भिक्षू रोज सकाळी ह्या दाराशी येत. आजही आले होते.

लुबर्ट पुढे सरकून बसला. गुडघ्यावर हात ठेवून तो ऐकत होता. आई रंगात आली होती. पायऱ्यांच्या गल्लीत आता चिंचेचं झाड उगवलं होतं. टोपल्या विणणाऱ्याच्या शेजारी एक मोन बाई राहायला आली होती, ती केळीच्या पानात गोड भात बांधून विके आणि उधारीवर कधी नाही म्हणत नसे. त्या बाईला तोयो चांगली ओळखत होती. ती चानची आई होती.

"आणि पोरं?" लुबर्टने विचारलं. "लहान मुली कुठे खेळतात?"

"पाण्यात," आई म्हणाली. "दुसरं कुठे? पाणी घराखाली येतं ना. आमच्या घरात एक पोर होती. भारी द्वाड. त्या साली पूर मोठा आला. पायऱ्या सगळ्या बुडाल्या, नुसती वरची राहिली. ही केळीचे खुंट बांधून त्यावर बसली आणि दिलं सोडून. पाण्याला ओढ केवढी! गेली की वाहत, पार बांबूच्या बेटाशी. तिथे आपटली, हनुवटी फुटली."

तोयोचा हात हनुवटीकडे गेला. बोटांना मोहरीचा रस होता, तो जुन्या व्रणाला लागला.

तो पूर तिला आठवत होता. पाण्याचा रंग, तोंडात गेलेला चिखल, वडिलांनी केसांना धरून होडीत ओढलं ते. आणि ह्या सगळ्यापेक्षा ठसठशीत आठवत होती ती वरच्या पायरीवरची आई. सगळी वस्ती ओरडत होती आणि आई बसलेली होती तशीच, खालच्या वळणाकडे तोंड करून. उठली नव्हती. हाक मारली नव्हती. पुढे तोयो मोठी झाली, लग्न होऊन ह्याच घरात नवरा आणला, तिची स्वतःची लेक नांदायला वर लवपुरीला गेली, तरी ते दृश्य तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय? माझी आई मला बुडताना सोडून नागासाकीकडे बघत होती?

"मग?" लुबर्ट म्हणाला.

"मी वरच बसले होते," आई म्हणाली. "ती बांबूच्या बेटाकडेच चालली होती, वळणाकडे. मी बघत होते. डोळा हलवला नाही मी. मला वाटलं, पापणी लवली की ही जाईल. उठावं तर पाय नाहीत. ओरडावं तर तोंडातून वाराच निघेना. नुसती बघत राहिले, बघत राहिले, नजरेने धरून ठेवली रे तिला. तिच्या बापाची होडी पोहोचेपर्यंत."

चुलीवरचं पाणी उतू गेलं. तोयोने ते जाऊ दिलं.

लुबर्ट निघाला तेव्हा नदीवर अजून उजेड होता. तोयो त्याला होडीपर्यंत सोडायला उतरली. त्याने बूट हातातच धरले होते. पायरीवर उभं राहून त्याने नदीकडे बघितलं, पलीकडच्या चिंचेकडे बघितलं, आणि शेजारच्या घराखाली बांधलेल्या लहानशा होडीकडेही.

"तोयोबाई," तो म्हणाला, "बेटावरून मला केळी कधी दिसल्या नाहीत."

तोयोने होडीची दोरी सोडली. ती गाठ जरा अवघड होती, म्हणून तिला वेळ लागला.

"बेटावरून काय काय दिसणार, साहेब?" ती म्हणाली.

लुबर्टने थोडा विचार केला.

"खरंय," तो म्हणाला. "बेटावरून काय दिसणार?" मग होडीत बसता बसता त्याने विचारलं, "पोहायला शिकवतात का मुलींना तिकडे?"

"शिकवतात," तोयो म्हणाली. "चालायला लागल्या की लगेच."

तो मान हलवून बसला. होडीवाल्याने बांबू टेकला आणि होडी वखारीच्या बाजूला निघाली. वाटेत तो मागे वळून त्यांच्या पायऱ्यांकडे बघत होता, आणि तोयो तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच थांबली.

वर आई अजून दाराशी होती. दमली होती, पण चेहरा उजळलेला. तोयोने चूल पुन्हा पेटवली, सांडलेलं पुसलं, तांदूळ वैरले. मग येऊन आईच्या मागे बसली आणि तिच्या केसांतली काडी काढून केस सोडू लागली. 

"आई," तोयो म्हणाली, "त्या पोरीचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"केळीच्या खुंटावरून वाहत गेलेली."

आई आठवू लागली. तिचे हात मांडीवर काही शोधत असल्यासारखे हलले.

"राहिली ती तिकडेच," ती म्हणाली. "आम्ही घाईत निघालो ना. भांडी घेतली, गाद्या घेतल्या, तुझ्या बापाने देव घेतला. गलबत सुटल्यावर माझ्या ध्यानात आलं. तेव्हापासून बसते मी इथे. एखादं जहाज येईल, त्यात असेल."

तोयोच्या हातात आईचे केस होते, पातळ, ताग्यातून सुटलेल्या दोऱ्यांसारखे. तिने ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

"मोठी झाली असेल ना गं?" आईने विचारलं.

"झाली," तोयो म्हणाली. "चांगली मोठी झाली."

"कुणी सांगितलं? त्या वलंदेजाने?"

"हो."

"मला वाटलंच. त्याला माहीत आहे, पण लाजतो." आई समाधानाने मागे रेलली, तिचं डोकं तोयोच्या छातीला टेकलं. "पुन्हा बोलाव त्याला. आणि विचारून ठेव हं. काय खाते, कुठे निजते, ते नाही विचारलंस तरी चालेल. तिच्याकडे कुणी बघतं का, एवढं विचार."

खाली पाण्यावरून कुणाची तरी होडी गेली आणि तिच्या लाटा पायऱ्यांना लागून परतल्या. भात शिजत आला होता. तोयोला उठून झाकण काढायला हवं होतं.

"विचारते," ती म्हणाली, आणि बसून राहिली.